मोटारीची गवसणी



मिरजेच्या सतारमेकर गल्लींतून जो कोणी सावकाश हिंडला असेल, त्याच्या दृष्टीस वाळत ठेवलेले भोपळे आणि भिंतीशीं उभे केलेले तंबोरे यांच्या जोडीला आणखी एक वस्तु पडली असेल. ती म्हणजे तंबोऱ्याची गवसणी. फरीदसाहेब शिकलगार यांनीं एकोणिसाव्या शतकांत मिरजेस तंतुवाद्यें घडविण्याचा जो उद्योग रुजविला, तो आजही तेथें चालू आहे. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. वाद्याची कीर्ति सर्वतोमुखी झाली; बिचाऱ्या गवसणीचें नांव मात्र कोणी काढीत नाहीं. वस्तुतः तिचा गुण लहान नाहीं. ती पोतें नव्हे, कीं पेटी नव्हे. ती त्या एकाच वाद्याच्या अंगासाठीं बेतलेली असते. प्रवासांत धूळ व ओरखडा यांपासून वाद्य राखते, आणि गवयाच्या मनांत आलें कीं क्षणांत उतरते. आकाशाला गवसणी घालण्याची भाषा आपण नेहमी ऐकतों. आज मी त्याहून पुष्कळ लहान अशा वस्तूच्या गवसणीविषयीं बोलणार आहें. ती वस्तु म्हणजे जुनी, बिनछपराची, दोन आसनांची मोटार.

अशा मोटारीस रोडस्टर म्हणतात. हिला कायमचें छप्पर नसतें. कापडी टप असतो. तो गरजेपुरता उभारावयाचा आणि एरव्हीं आसनांच्या पाठीमागें दुमडून ठेवावयाचा. इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें तयार झालेली एम. जी. टी. सी. ही या कुळांतील एक नामांकित मोटार. १९४५ ते १९४९ या अवधींत अशा सुमारें १०,००० मोटारी झाल्या. १२५० घन सेंटिमीटरचें एंजिन, तारांचीं उंच चाकें आणि आडवी पाडतां येणारी पुढची कांच हीं तिचीं लक्षणें. आपल्या बाजूस अशा मोटारी फारशा निपजल्या नाहींत. गोव्यांत १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘सॅन स्टॉर्म’ नांवाची दोन आसनांची उघडी मोटार तयार होऊं लागली, हा एक लक्षांत राहण्याजोगा अपवाद.

या मोटारींवर जें आच्छादन ताणून बसवितात, त्यास ‘टोनो कव्हर’ म्हणतात. टोनो म्हणजे फ्रेंच भाषेंत पिंप. १९०० सालच्या सुमारास कांहीं मोटारींचा मागील बैठकीचा भाग पिंपासारखा वाटोळा असे, आणि त्यांत मागच्या बाजूनें चढावें लागे. त्या भागास हें नांव पडलें. पुढें तशा मोटारी गेल्या, पण त्या बैठकीवर धुळीसाठीं घालावयाचें कापड नांवासह शिल्लक राहिलें. कांहीं खोळी केवळ दुमडलेला टप झांकतात. पूर्ण खोळ मात्र पुढच्या कांचेच्या पायथ्यापासून आसनांच्या पाठीमागपर्यंत सगळी बैठक झांकते. तिच्या मधोमध, दोन आसनांच्या दरम्यान, एक लांब चेन असते. मोटार उभी असतां चेन बंद ठेवावी. एकट्यानें हांकावयाची असेल तर चेन उघडून आपल्यापुरता भाग मागें सारावा आणि शेजारचें आसन झांकलेलेंच राहूं द्यावें. बरोबर कोणी आलें तर दुसरा भागही उघडावा. या अर्ध्या उघडण्यांतच तिची सगळी खुबी आहे.

आपल्या सातारा-सांगलीच्या मुलखास अशी खोळ जितकी उपयोगी, तितकी ती विलायतेसही नसेल. महाबळेश्वरास वर्षाकांठीं ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून कृष्णेच्या कांठानें सांगलीस यावें, तों पावसाचें मान त्याच्या दशांशाच्या आसपास येतें. अर्थात् ऐन पावसाळा सोडला, तर वर्षाचे पुष्कळसे दिवस टपाची गरज नसते. गरज असते ती ऊन आणि धूळ यांपासून बचावाची. उसाच्या हंगामांत रस्त्यावर पाचोळा उडत असतो, आणि उन्हाळ्यांत चामड्याच्या बैठकीवर दुपारीं हात ठेववत नाहीं. एवढ्यासाठीं दर वेळीं टप उभारावयाचा म्हटलें, तर मोटार बाहेर काढण्याचाच कंटाळा येतो. आणि जी बाहेर निघत नाहीं, ती मोटार हळूहळू नाहींशी होते.

हें मी ऐकीव सांगत नाहीं. माझ्या दाजींची टी. सी. मोटार साताऱ्यास आमच्या अक्काच्या घरीं आहे. दाजी चार वर्षांपूर्वीं वारले. त्यानंतर मोटार पडवींत उभी राहिली, आणि तिचें रक्षण व्हावें म्हणून घरच्यांनीं तिच्यावर प्लॅस्टिकची ताडपत्री दोरीनें घट्ट बांधली. हेतु चांगला होता. परंतु प्लॅस्टिकच्या आंत जमिनीची ओल कोंडली. दुसऱ्या पावसाळ्याअखेर ताडपत्री सोडली, तेव्हां बैठकीवर बुरशी होती आणि तळफळीचा एक कोपरा बोटानें दाबतां दबत होता. या मोटारीचें पत्र्याखालचें अंग लांकडाचें असतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. क्रिकेटच्या यष्ट्या ज्या ॲश नांवाच्या लांकडाच्या करतात, त्याच लांकडाचा सांगाडा टी. सी.च्या पत्र्याआड आहे. पत्र्याचा गंज डोळ्यांस दिसतो; आंतलें लांकूड मात्र गुपचूप कुजतें.

माझा भाचा सांगलीस असतो. मुंबईचें एक गिऱ्हाईक आलें होतें, आणि मोटार देऊन टाकावी असें त्याच्या मनानें जवळजवळ घेतलें होतें. त्यानें आईस विचारलें. अक्का म्हणाली, “नुसती उभीच राहायची असेल, तर देऊन टाक. चालणार असेल, तर मात्र देऊं नकोस.” मग भाच्यानें माझा सल्ला घेतला, आणि मोटार चालती राहावयाची, तर पहिली गोष्ट म्हणजे ताडपत्री काढून तिला नीट बेताची खोळ करावी, असें आम्हां दोघांचें ठरलें.

प्रथम टपालानें एक तयार खोळ मागविली. ती दिसावयास झकपक होती, पण पुढें बसविली कीं मागें तीन बोटें तोकडी पडे. जुन्या मोटारींचीं अंगें हातानें घडविलेलीं. एकाच नमुन्याच्या दोन मोटारींतही थोडें अंतर असतें. तेव्हां खोळ त्याच मोटारीवर बेतली पाहिजे, दुसरा मार्ग नाहीं. शेवटीं मिरजेस एक वृद्ध कुशनवाले भेटले. त्यांनीं तरुणपणीं टांग्यांचे टप शिवले, पुढें रिक्षांचे हूड शिवले. मी मापांचा कागद पुढें केला, तेव्हां ते हंसून म्हणाले, “गुरुजी, अंगरखा मापावर होतो. ही चोळी आहे. मोटार इथं आणा.” मोटार मिरजेस गेली, आणि दोन दिवस मी त्यांच्या दुकानांत स्टुलावर बसून तें काम पाहिलें.

कापडाचा प्रश्न पहिला. रेग्झीनसारखें प्लॅस्टिकचा लेप दिलेलें कापड स्वस्त मिळतें व पुसावयास सोपें. पण तें थंडींत आखडतें आणि वर्षानुवर्षें उन्हांत राहिलें कीं कडक होतें. तें घ्यावयाचें, तर निदान भर दुपारीं ऊब असतांना ताणावें. पहांटे ताणूं नये. आम्ही दोन सुती थरांमध्यें रबराचा पातळ थर असलेलें काळें कापड घेतलें. कडांच्या पट्ट्यांसाठीं जें साधें सुती कापड होतें, तें त्यांनीं अगोदर भिजवून, आटवून, वाळवून घेतलें; शिंप्याकडे कोरें कापड देतांना आपल्या घरांतील स्त्रिया हेंच करतात.

मग त्यांनीं कांचेच्या पायथ्याच्या मध्यापासून मागच्या कडेच्या मध्यापर्यंत एक सुतळी ताणून खडूनें रेघ पाडली. सगळें काम या रेघेवर अवलंबून असतें. चेन तिच्यावरच येते, आणि ती दोन बोटें सरकली तर हांकणाऱ्याचा भाग अरुंद होऊन कोपर अडखळतें. कापड प्रथम मागें मध्यावर अडकविलें, मग पुढें मध्यावर, आणि नंतर डावें-उजवें, डावें-उजवें असें समोरासमोर ताणीत कोपऱ्यांकडे नेलें. तबलजी एका घरावर हातोडी मारून थांबत नाहीं, समोरचें घरही पाहतो, तसाच हा प्रकार. एकाच बाजूनें ताणीत गेलें, तर शेवटच्या कोपऱ्यांत सुरकुती राहते आणि ती जन्मभर जात नाहीं. स्टिअरिंगचें चाक वर येतें, त्या जागीं त्यांनीं कापडास वेगळा फुगवटा शिवला. नाहीं तर तेथेंच घर्षणानें भोंक पडतें.

मोटारीच्या अंगावर ज्या जुन्या खुंट्या होत्या, त्याच वापरल्या. पत्र्यास नवीन भोंक एकही पाडलें नाहीं. प्रत्येक खुंटीच्या माथ्यास खडू फांसून वरून ताणलेलें कापड अंगठ्यानें दाबलें, कीं उलट बाजूस पांढरा ठिपका उमटे. तेथेंच कापडाचें दुहेरी अस्तर लावून घर बसविलें. हीं घरें साध्या टिचबटणासारखीं नसतात. तीं तीन बाजूंनीं खुंटीस धरून ठेवतात व एकाच बाजूनें सुटतात. ज्या बाजूनें सुटतात, तेथें बारीक ठिपका असतो. तो ठिपका कापडाच्या कडेकडे यावा, म्हणजे बोटास धर मिळतो आणि वाऱ्यानें घर आपोआप उघडत नाहीं. शेवटीं, रंगास घासतील त्या कडांना आंतून मऊ पट्टी लावली.

आतां या खोळीचें सुख काय, तें सांगतों. उघड्या मोटारींत वारा समोरून लागतो, असें आपण समजतों. खरें पाहतां पुढच्या कांचेच्या मागें हवेचा दाब कमी होतो, आणि मागची हवा वळून मानेवर येते. थंडींत हुडहुडी भरते ती तिच्यामुळें. शेजारचें आसन आणि मागचा भाग झांकलेला असला, कीं ही उलटी झुळूक पुष्कळ अडते, आणि एंजिनाची ऊब पायांपाशीं टिकते. जानेवारींतल्या एका पहांटे भाचा साताऱ्याहून कऱ्हाडास, तेथून पेठनाका व आष्ट्यावरून सांगलीस एकटा गेला. पायांस ऊब व डोक्यावर तारे, असा प्रवास आपण जन्मांत केला नव्हता, असें त्यानें मला सांगितलें. सांगलीस मोटार दिवसभर उन्हांत उभी होती; संध्याकाळीं चेन उघडली, तेव्हां बैठकीवर धुळीचा कण नव्हता.

पुढल्या रविवारीं तो साताऱ्यास परतला, तेव्हां मी अक्काच्या अंगणांत होतों. शेजारचें आसन अर्थातच झांकलेलें होतें. अक्का दारांतून बराच वेळ त्या काळ्या कापडाकडे पाहत राहिली. मग ती पायऱ्या उतरून आली, स्वतःच्या हातानें चेन शेवटपर्यंत ओढली, कड उचलून घरें एकामागून एक सोडलीं, शाल डोक्यावरून घेतली आणि आंत बसली. दाजी गेल्यापासून ती त्या मोटारींत बसली नव्हती. भाचा तिला यवतेश्वराच्या घाटानें वर घेऊन गेला. परत आल्यावर ती एवढेंच म्हणाली, “कापड चांगलं आहे. मागच्या उजव्या कोपऱ्याला जरा ओढतंय.” मुंबईच्या गिऱ्हाइकास त्याच दिवशीं नकार कळविला.

ज्यांच्या घरीं अशी मोटार असेल, त्यांनीं कांहीं पथ्यें पाळावीं. खोळ घालण्यापूर्वीं रंगावरची धूळ धुवावी. कापडाखालची धूळ पॉलिशकागदाचें काम करते. एखादी सर आली तर खोळ ती सोसते, पण झोडपणाऱ्या पावसासाठीं ती नव्हे. तेव्हां टप किंवा छप्परच हवें. उभ्या मोटारीवर पाणी सांचून कापडास झोळ येतो, म्हणून आंतून बांबूची एक कामटी कमानीसारखी लावावी, म्हणजे पाणी निथळतें. ओली खोळ कधींही घडी करून ठेवूं नये. सुकल्यावर गुंडाळी करावी. चेन धातूची असेल तर महिन्याकांठीं तिच्यावर मेणबत्ती फिरवावी. हांकतांना उघडलेला भाग आसनामागें नीट खोंचावा. वाऱ्यानें फडफडणारें कापड रंगही घालवितें आणि स्वतःही फाटतें.

चाळीस वर्षें मी शाळेंत शिकविलें. दर जून महिन्यांत मुलें नव्या पुस्तकांस खाकी कागदाचीं वेष्टनें घालीत. तीं घालतांना मी त्यांना सांगत असें कीं, हें वेष्टन पुस्तक रोज उघडतां यावें म्हणून आहे; कपाटांत ठेवावयाच्या पुस्तकास तें लागत नाहीं. आपल्या घरांतून आजोबांचें घड्याळ, आईची पैठणी, वडिलांची सायकल अशा कितीतरी वस्तु प्रेमानेंच बांधून ठेवलेल्या असतात, आणि त्या बांधण्यांतच संपतात. त्यांवर आच्छादन अवश्य असावें. मात्र तें एका हातानें, मनांत येतांच उघडतां येईल असें असावें. तेवढें साधलें, तर ती वस्तु पुढच्या पिढीस चालती मिळेल.