घरमालकाचा हात आणि कंत्राटदाराचा हक्क

मुळा-मुठेच्या कांठचें आमचें खराडी १९९७ सालीं पुणे महापालिकेंत आलें. शेतांच्या जागीं सदनिका उभ्या राहिल्या. आतां त्यांच्या दुरुस्त्या चालतात. गेल्या वर्षीं माझ्याहि घरीं काम निघालें. मास्तराला चुका काढण्याची जन्माची खोड! सकाळीं बसविलेली फरशी मीं संध्याकाळीं उखडावयास लावावी, गवंड्यांना परस्पर हुकूम द्यावे. बाराव्या दिवशीं कंत्राटदार शांतपणें म्हणाला, "गुरुजी, काम मला करूं द्या, नाहीं तर हिशेब करा."

मला राग आला. पण १८७२ चा कराराचा कायदा वाचून तो निवळला. कलम ५३ म्हणतें, एका पक्षानें दुसऱ्यास काम करूं दिलें नाहीं, तर करार मोडणें त्या दुसऱ्याच्या इच्छेवर असतें. शिवाय नुकसानभरपाईहि मिळते. कलम ६७ मधील उदाहरण तर घरदुरुस्तीचेंच आहे : दुरुस्तीच्या जागा मालकानें दाखविल्या नाहींत, तर त्यामुळें राहिलेल्या कामाचा दोष कारागिराकडे नाहीं.

मात्र प्रत्येक सूचना म्हणजे अडथळा नव्हे. ठरल्याप्रमाणें काम मागणें हा मालकाचा हक्कच होय. म्हणून कंत्राटदारानेंहि आधीं लेखी कळवावें, झालेलें काम मोजून घ्यावें, मगच थांबावें. उगाच काम सोडल्यास करारभंग त्याच्याच माथीं येतो.

मीं बदल कागदावर लिहून दिले, वाढीव मजुरी मान्य केली, आणि माझी खुर्ची दूर नेली. काम पुरें झालें. मुलाच्या हातची पाटी ओढून घेऊन त्यास नापास करूं नये, हें शाळेंत मला ठाऊक होतें; घरीं मात्र विसरलों होतों.