शिरपूरचे शिवाजीराव आणि एका चिठ्ठीचे उत्तर

(धुळे येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



काल एका तरुण कार्यकर्त्याने चिठ्ठी पाठवून विचारले : तालुक्याची कामे व्हावयाची असतील, तर सत्ताधारी पक्षात का जाऊ नये? प्रश्न जुना आहे. याच जिल्ह्यात, शिरपूरच्या शिवाजीराव गिरधर पाटलांच्या रूपाने तो एकदा आपल्यासमोर उभा राहिला होता.

शिवाजीराव बेचाळीसच्या लढ्यातले, सेवा दलाच्या संस्कारातले समाजवादी. पुढे ते काँग्रेसमध्ये गेले, राज्यात मंत्री झाले, १९९२ ते १९९८ राज्यसभेत होते. स्मिता पाटीलचे वडील म्हणूनच आज त्यांना ओळखतात, हाही काळाचा महिमा!

त्या पिढीतील पक्षांतरामागे एक सिद्धांत उभा होता. १९५३ साली बैतूलच्या अधिवेशनात अशोक मेहतांनी मांडले की, मागासलेल्या अर्थव्यवस्थेत भांडवलनिर्मिती करावयाची तर विरोधकांनीही नियोजनाला साथ दिली पाहिजे. लोहियांनी काँग्रेस व कम्युनिस्ट या दोघांपासून समान अंतराचा आग्रह धरून त्याला उत्तर दिले. मेहता १९६३ साली नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. १९६४ साली पक्षाने त्यांना काढले व ते काँग्रेसवासी झाले. महाराष्ट्रात यशवंतरावांचे बेरजेचे राजकारण चालूच होते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून सांगतो, त्या युक्तिवादाचा अर्धा भाग खरा होता. सहकारी साखर कारखान्याला तेव्हा परवाना लागे, सरकारी भागभांडवल लागे, कर्जाची हमी लागे. शिरपूरचा कारखाना शिवाजीरावांच्या पुढाकाराने उभा राहिला, हे नाकारणे कोतेपणाचे होईल. परंतु कारखाना आणणारेच सत्तेत गेले, की हिशेब कोणी मागावयाचा? सातपुड्यातील आदिवासी आणि ऊसतोड मजूर यांचा भाव कोणी ठरवावयाचा? पुढे तो कारखाना बंद पडला, तेव्हा ही उणीव सभासदांना जाणवली असेल.

१९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने एकतृतीयांश आमदार फुटले तर ती फूट वैध मानली. २००३ साली ती सवलत गेली, तरी दोनतृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट उरली. कायदा डोकी मोजतो, कारण विचारीत नाही. मेहतांचा तर्क मला मान्य नाही; पण तो खोडता तरी येत होता. जून २०२२ मध्ये मुंबईहून सुरत, सुरतहून गुवाहाटी असा जो प्रवास झाला, त्यात खोडावयाचे काय? आणि हेही विसरू नका : १९६८ साली चेकोस्लोव्हाकियाच्या प्रश्नावर याच मेहतांनी मंत्रिपद सोडले, आणीबाणीत तुरुंगही पत्करला.

चिठ्ठी लिहिणाऱ्या मित्राने जावयाचे ठरविलेच, तर आधी याच सभागृहात उभे राहून आपली कारणे मांडावीत. आम्ही उत्तर देऊ. वेळ लागला तर रात्री बसू.