उघड्या आभाळाखालची रंगभूमी



मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना 1843 साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी सादर केलेल्या ‘सीतास्वयंवरा’चा उल्लेख होतो, आणि तो यथार्थच आहे. परंतु चिपळूणच्या आसपासच्या गावांना नाटकाची गोडी लागली ती नाट्यगृहात नव्हे, तर देवळापुढच्या अंगणात आणि कापणीनंतर रिकाम्या झालेल्या भाताच्या मळ्यात.

शिमग्यापासून मृग नक्षत्रापर्यंत कोकणातील आभाळ बहुधा कोरडे असते. तेवढ्या अवधीत गावोगावी नमनाचे खेळ रंगतात. दिवसा शेतात राबणारा, बहुतांशी कुणबी समाजातला शेतकरी रात्री मृदंगाच्या थापेवर देवाचे वा राजाचे रूप घेतो. आधी गण, मग गवळण, काळ्या पोशाखातील संकासुराची धमाल आणि पुढे पौराणिक वा ऐतिहासिक वग. जुन्या पिढीच्या स्मरणात गॅसबत्तीचा उजेड आहे, साडी नेसून गवळण झालेला शेजारचा तरुण आहे आणि पेंगुळलेल्या लेकरांना रावण येताच हलवून उठवणारी आई आहे. रामायण-महाभारताची पहिली ओळख निरक्षरांनाही तेथेच झाली.

मे महिन्यात चाकरमानी परतत आणि या रंगभूमीला नवे बळ मिळे. मुंबईच्या चाळीतल्या खोलीत तालमी करून बसवलेले नाटक गावच्या मांडवात होई. मंच बांधणारे, पडदा ओढणारे, पात्रे रंगवणारे आणि पाहणारे एकाच गावचे असत. वर्षभर दुरावलेली घरे त्या रात्री एकत्र येत. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या 1962 सालच्या नाटकात संभाजी गाजवणारे डॉ. काशिनाथ घाणेकर चिपळूणचेच. नाटकाचे वेड या मातीला नवे नाही.

26 जुलै 2005 आणि 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुराने शहर बुडाले. पुराचे पाणी शिरले की बंदिस्त वास्तू दुरुस्तीसाठी खोळंबून राहते. मळ्यातील रंगमंच मात्र पुढच्या उन्हाळ्यात चार वाशांवर पुन्हा उभा राहू शकतो. त्याला खरा धोका पाण्याचा नाही, माणसे नसण्याचा आहे. मुंबईच्या नाट्यगृहांत नमनाचे प्रयोग होतात, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि मृदंग शिकणारा मुलगा गावात उरला नाही, तर त्या प्रयोगांचे मूळच सुकेल.

म्हणून सुटीत गावी येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एक रात्र या खेळासाठी राखावी, आणि मुलांना केवळ प्रेक्षकांत बसवू नये, तर त्यांच्या हाती झांजही द्यावी.