विमान आणि रिकामे ठोकळे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हळदीकुंकवाला आलेल्या पुष्कळजणींनी आमच्याकडचे काचपेटीतले विमान पाहून विचारले, "हे नातवाचे का?" खोका नातवाने आणला, एवढे खरे. पण त्याची परीक्षा आली आणि सारे सुटे भाग माझ्या पदरात पडले!

विमान नॅट जातीचे. मूळचे विलायती, पण पुढे बंगळूरला आपल्या कारखान्यातही होऊ लागलेले. खरे विमान जेमतेम पावणेनऊ मीटर लांब. आमचे त्याच्या बहात्तराव्या हिश्शाचे, म्हणजे १२ सेंटिमीटर.

काम आपल्या हाताला जमणारेच आहे. भाग आधी साबणाच्या पाण्यात धुवायचे, कारण तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. पहिल्यांदा जोडले, तर विमान शेपटीवरच बसले! नाकाखाली चाक असलेल्या विमानाच्या नाकात आधी वजन घालावे लागते. मग पुन्हा उकलून गळाचे शिसे भरले. १९६५ च्या युद्धात नॅट चंदेरी होती. चंदेरी रंग मोठा चुगलखोर, सांध्यातली बारीकशी रेघही लपवीत नाही. म्हणून सांधे घासून गुळगुळीत केले, चकचकीत काळे अस्तर दिले आणि वर रंगाचे पातळ हात, एक वाळल्यावर दुसरा. धावपट्टी घासकागदाची, गवत रंगवलेल्या लाकडी भुशाचे.

आमचे मामंजी त्या युद्धात पठाणकोटला विमानांची देखभाल करीत. इतक्या वर्षांत त्याविषयी त्यांनी घरात अवाक्षर काढले नव्हते. विमान पाहून म्हणाले, "सूनबाई, काच पुसणारा कुठे आहे? काचेवरचा धुळीचा कण वैमानिकाला शत्रूचे विमान वाटतो." मी तांब्याची तार आणि लांबी घेऊन सव्वादोन सेंटिमीटरचा माणूस केला, हाती फडके दिले.

"आता शेजारी नुसते ठोकळे ठेव," ते म्हणाले. विमान उभे असताना चाकांना लावतात, ते ठोकळे. ३ सप्टेंबर १९६५ रोजी ट्रेव्हर कीलर यांना सेबर विमान पाडल्याचे श्रेय मिळाले. त्याच दिवशी एक नॅट मात्र परतले नाही. ते पाकिस्तानात पसरूरला उतरले आणि वैमानिक कैदी झाला. पुढे तो सुखरूप सुटून आला. विमान आजही कराचीच्या संग्रहालयात आहे.

"सगळे कीलरसाहेबांकडे धावले," मामंजी म्हणाले. "मी ठोकळ्यांपाशीच उभा होतो. अंधार पडेपर्यंत."

भगिनींनो, गेलेले माणूस परत येईपर्यंत दाराशी उभे राहणे आपल्याला का नवे आहे? पण एका पुरुषाच्या तोंडून ते मी प्रथमच ऐकले, आणि तेही हातातल्या एवढ्याशा खेळण्यामुळे.

पेटी पाहायला अवश्य या. विमान आपोआप दिसेल, ठोकळे मात्र वाकून पाहा. मामंजी घरीच असतात. त्यांना विचारलेत, तर आता ते सांगतात.