काम शोधणे हेही कामच



आजचा विषय तुमच्यापैकीच काही मंडळींनी सुचवला. हातचे काम सुटले आहे, किंवा अजून लागलेलेच नाही. अशा दिवसांत माणसाने वागावे कसे? आम्हांला वाटते, काम शोधणे हेही कामच आहे. त्यालाही वेळ लागतो, हत्यारे लागतात आणि हिशेब लागतो.

मुंबईच्या कापडगिरण्या जोरात होत्या तेव्हाचे पाहा. कोकणातून, घाटावरून माणसे गिरणगावात येत. गावकीच्या खोलीत पथारी टाकत, खानावळीत जेवत. पण आल्याबरोबर कायम नोकरी कोणाला? बहुतेकांना आधी 'बदली' म्हणून राहावे लागे. कायम कामगार गैरहजर असला, तर त्या दिवसापुरते त्याच्या जागी बदलीला काम. कोण गैरहजर राहणार हे आदल्या दिवशी कोणाला ठाऊक? म्हणून पाळी सुरू होण्याच्या वेळी बदलीवाल्याने दाराशी हजर पाहिजे. काम मिळाले तर मिळाले, नाही तर परत खोलीवर. उद्या पुन्हा हजर. ही पद्धत चांगली होती असे आम्ही म्हणत नाही. माणसाला वर्षानुवर्षे दाराशी तिष्ठत ठेवणे हा काही न्याय नव्हे. पण काम नसलेल्या दिवशीही त्या माणसाला उठायची वेळ होती, निघायची वेळ होती. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, आणि हजारो घरांतून सकाळचा भोंगाच गेला.

तुमच्यासमोर आज ते दार नाही, भोंगाही नाही. तेव्हा वेळ तुम्हीच ठरवायची. सकाळचे दोन तास म्हणा, पण रोजचे. आणि घरच्यांना तसे स्पष्ट सांगा. कारण बिनकामाचा माणूस म्हणजे सगळ्यांचा फुकटचा गडी, असे घरोघर चालते. जरा दळण आण, जरा पोरांना शाळेत सोड, जरा सिलिंडरचं बघ. झाली दुपार! आणि संध्याकाळी तीच मंडळी विचारतात, "काय रे, जमलं का काही?" बायकांचे तर विचारूच नका. त्यांना कामाच्या शोधात निघायचे, तर आधी घरचे सगळे उरकावे लागते. त्या घरात पुरुषांनी दळण आणले तर काही बिघडत नाही.

आता हत्यारे. पहिले हत्यार वही. तुम्ही लिहायला शिकलात, त्याचा याहून चांगला उपयोग कोणता? तारीख, कोठे गेलो, कोणाला भेटलो, काय म्हणाले, पुन्हा केव्हा यायला सांगितले, गाडीभाडे किती लागले. बस्स, एवढेच लिहा. दहा ठिकाणी फिरले की डोक्यात गोंधळ होतो. 'सोमवारी या' म्हणणारा कारखाना कोणता आणि 'पुढच्या महिन्यात या' म्हणणारे दवाखानेवाले कोणते, ते आठवत नाही. माणूस मंगळवारी जातो, तोवर जागा भरलेली असते. भाड्याचा आकडा लिहिला म्हणजे हेही कळते की, एकाच बाजूची तीन ठिकाणे एका दिवसात करता आली असती.

दुसरे हत्यार कागद. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला, मागच्या मालकाचे अनुभवपत्र, चार फोटो. सारे एका पिशवीत, पावसात न भिजेल असे. मूळ कागद दाखवायचा, द्यायची ती नक्कल. एक गोष्ट मात्र आजच बघा. सगळ्या कागदांवर तुमचे नाव आणि जन्मतारीख एकच आहे ना? जुन्या शाळांनी पुष्कळांना १ जून हीच जन्मतारीख देऊन टाकली. आधारवर वेगळी निघाली, तर ऐन वेळी धावपळ होते. फरक असेल तर दुरुस्तीला आत्ताच लागा, मुलाखतीच्या आदल्या दिवशी नव्हे. अर्जात दिलेला फोन नंबरही चालू ठेवा. रिचार्ज संपले आणि बोलावणे आलेच नाही, असे होते.

सरकारी नोंदणी जरूर करा. केंद्र सरकारची राष्ट्रीय करिअर सेवा २०१५ साली सुरू झाली; तिथे नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. पण नाव नोंदवले म्हणजे नोकरी लागली, असे समजून घरी बसू नका. १९५९ च्या कायद्याने मालकांना रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायला लावले होते; तिथलीच माणसे घ्या, अशी सक्ती तेव्हाही नव्हती.

पूर्वी गिरणीत जॉबर माणसे भरी आणि त्याला दस्तुरी चारावी लागे. जॉबर गेला, दस्तुरी राहिली. "पाच हजार आधी टाका, ऑर्डर घरी येईल," असे फोनवर कोणी म्हणाला, तर त्याचे नाव, नंबर, तारीख वहीत लिहा आणि पावती मागा. पावतीचे नाव काढताच पुष्कळ जण फोन ठेवतात. पण उसनवारी करून, बायकोचे डोरले मोडून पैसे भरणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. काम तर लांबच राहिले, घरात बोलायला तोंड राहिले नाही.

वर्ग सुटण्याआधी प्रत्येकाने वहीचे एक पान आखून घ्यावे. सहा रकाने. ज्यांना 'रकाना' लिहायला जमत नाही, त्यांनी नुसत्या रेघा ओढाव्यात. मथळे आम्ही फळ्यावर लिहून देतो.