वाट मोकळी करणारे



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी अक्षरे गिरवली, त्याच शाळेने माजी सैनिक पालकांच्या स्मरणार्थ चालविलेल्या या व्याख्यानासाठी मला पाचारण करावे, हा मी माझा बहुमान समजतो. आपल्या परिसराला सैनिकी पेशा नवा नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, आणि पेन्शनीत निघालेला एखादा सुभेदार किंवा हवालदार नाही असे गाव आपल्याकडे शोधावे लागेल. आज मी दोन सैनिकांचे स्मरण करणार आहे. एकाचे नाव देशाला ठाऊक आहे. दुसरे माझे वडील. त्यांचे नाव गावापलीकडे कोणाला ठाऊक नाही. दोघेही बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे सैन्यापुढे जाऊन वाट मोकळी करून देणाऱ्या दलाचे.

रामा राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा, कारवारजवळच्या चेंडिये गावचा. वडील पोलीस खात्यात. १० जुलै १९४० रोजी ते सैन्यात भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर आराकानात त्यांनी काम केले, आणि डिसेंबर १९४७ मध्ये ते अधिकारी झाले. पुढे चारच महिन्यांत त्यांच्या आयुष्यातील कसोटीचे दिवस आले.

८ एप्रिल १९४८ रोजी आपले सैन्य नौशेऱ्याहून राजौरीकडे निघाले. डोंगराळ मुलूख, एकच अरुंद रस्ता, त्यावर शत्रूने पेरलेले सुरुंग आणि आडवी टाकलेली पाइनची झाडे. रणगाडे पुढे गेल्याखेरीज राजौरी हाती येणार नव्हती, आणि वाट मोकळी झाल्याखेरीज रणगाडे हलणार नव्हते. सुरुंग काढण्यास आरंभ होताच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. राण्यांच्या तुकडीतील दोघे ठार झाले आणि स्वतः राण्यांसह पाच जण जखमी झाले. तरीही त्यांनी माणसे पुन्हा जमवून काम चालू ठेवले. सलग चार दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, गोळीबाराखाली त्यांनी एकामागून एक अडथळा दूर केला. ११ एप्रिलला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला आणि १२ एप्रिलला राजौरी मुक्त झाली. या पराक्रमासाठी त्यांना परमवीर चक्र मिळाले.

याच मोहिमेतील एक प्रसंग वडील मला वारंवार सांगत. समोरून गोळ्यांचा वर्षाव होत होता, तेव्हा राणे रणगाड्याखाली शिरले आणि त्याच्या चाकांच्या गतीने सरपटत पुढे सरकू लागले. वरच्या चालकाशी बोलण्याचे साधन एकच होते : एक दोर. त्याला हिसका दिला की चालकाने थांबावे, पुन्हा दिला की चालावे. चालकाला खालचा माणूस दिसत नव्हता. जराशी चूक झाली असती, तर ते अजस्र धूड त्यांच्याच अंगावरून गेले असते. “श्रद्धा श्रद्धा म्हणतात ती हीच,” असे वडील म्हणत. “दोर हातात असावा आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस जागा आहे याची खात्री असावी.”

मित्रहो, हा दोर मी आमच्या घरातही पाहिला. ती गोष्ट सांगितल्यावाचून हे स्मरण पुरे होणार नाही.

१९६५ चे युद्ध झाले तेव्हा मी सहावीत होतो. वडिलांच्या पत्रावर गावाचे नाव नसे. नंबर आणि ‘५६ ए.पी.ओ.’ एवढाच पत्ता. आई निरक्षर, त्यामुळे पत्रे मीच वाचून दाखवीत असे. त्या आश्विनात आलेल्या पत्रात एक ओळ होती : उजव्या हाताची दोन बोटे गेली, बाकी सर्व कुशल. ती ओळ मी गाळली. आई म्हणाली, “परत वाच.” मी परत वाचले, परत गाळले. तिने पत्र हातात घेतले, थोडा वेळ पाहिले आणि विठोबाच्या तसबिरीमागे ठेवून दिले. चार महिन्यांनी वडील रजेवर आले. मी आईकडे पाहण्याचे टाळत होतो. तिने त्यांच्या हातावर पाणी घातले, आणि रात्री मला एवढेच म्हणाली, “अक्षर त्यांचं न्हवतं. ते मला त्याच दिशी कळलं हुतं.”

जिला एक अक्षर वाचता येत नव्हते, तिला नवऱ्याचे अक्षर ओळखता येत होते. आणि मी आपल्या परीने तिला सांभाळतो आहे हे जाणून ती चार महिने गप्प राहिली होती. तिने मला सांभाळले होते. सैनिकाची सेवा मोजताना आपण त्याची वर्षे मोजतो, पदके मोजतो. त्याच्या घरातील या सेवेची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कारवारच्या समुद्रकिनारी त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले. माझे वडील १९७२ मध्ये सुभेदार म्हणून घरी आले. पुढे पंचवीस वर्षे त्यांनी आमच्या दिंडीबरोबर पायी पंढरपूरची वारी केली. दिंडीत ते नेहमी अगदी मागे चालत. कारण विचारले तर म्हणत, “पलटणीत असताना पुढे जाऊन वाट साफ केली. आता मागे राहून जो बसला त्याला उठवायचे. काम एकच.” शेवटच्या तीन वाऱ्यांत त्यांच्याशेजारी आई चालली. १९९८ मध्ये ते गेले, तेव्हा तसबिरीमागचे ते पत्र आईने मला दिले. त्यात गाळलेली ओळ मी त्या दिवशी तिला प्रथमच मोठ्याने वाचून दाखविली.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही जण सैन्यात जातील, बहुतेक जाणार नाहीत. परंतु आपण ज्या वाटेने निर्धास्त चालतो, ती कोणीतरी आधी सरपटत जाऊन मोकळी केलेली असते, आणि त्याच्यासाठी घरी कोणीतरी मुकाट्याने दोर धरून बसलेले असते. आज घरी गेल्यावर आजोबांना त्यांच्या नोकरीविषयी विचारा. आणि आजीला, ते दूर असताना तिने ती वर्षे कशी काढली, हे अवश्य विचारा.