जुन्या जीपचे इंजिन माउंटिंग : वेळीच ओळखा, वेळीच बदला



छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आले, मका, मोसंबी बाजारात नेण्यासाठी आणि खत-बियाणे शेतावर आणण्यासाठी जुन्या जीपगाड्या अनेक गावांत आजही राबत आहेत. महिंद्र आणि महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. मूळच्या पेट्रोल इंजिनांच्या जागी पुढे डिझेल इंजिने आली. डिझेल इंजिनात दाब जास्त, म्हणून हादराही जास्त. हा हादरा सोसणारा भाग म्हणजे इंजिन माउंटिंग. गॅरेजमध्ये त्यालाच 'फाउंडेशन' म्हणतात.

माउंटिंग म्हणजे दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये घट्ट चिकटवलेले रबर. बहुतेक जुन्या जीपमध्ये पुढे इंजिनच्या दोन बाजूंना दोन आणि मागे गिअरबॉक्सखाली एक असा आधार असतो. चिखलातून किंवा नांगरलेल्या रानातून गाडी पहिल्या गिअरमध्ये काढताना या रबरांवर सर्वांत जास्त पीळ पडतो. त्यात इंजिनची उष्णता आणि गळणारे ऑइल यांची भर पडली, की रबर फुगते, मऊ पडते आणि पट्टीपासून सुटते.

लक्षणे व तपासणी

गाडी उचलताना थरथरणे, गिअरचा दांडा उड्या मारणे, इंजिन चालू-बंद करताना 'धाड' असा आवाज होणे आणि सायलेन्सरचा पाइप वारंवार तडकणे ही प्रमुख लक्षणे होत. पुष्कळदा क्लचप्लेट खराब झाली असे समजून गिअरबॉक्स उतरवला जातो आणि खर्च वाया जातो. म्हणून आधी माउंटिंग तपासावे.

मोकळ्या जागी बॉनेट उघडून हँडब्रेक ओढावा. एकाने पायब्रेक घट्ट दाबून पहिला गिअर टाकावा व क्लच अगदी थोडा सोडावा. नंतर रिव्हर्समध्येही तसेच करावे. दुसऱ्याने बाजूला उभे राहून पाहावे. गाडीच्या पुढे-मागे कोणीही थांबू नये. इंजिन किंचित कलणे स्वाभाविक आहे. रबर आणि पट्टी यांत फट पडून इंजिन उचलले जात असेल, तर माउंटिंग तुटले असे समजावे. रबर शाबूत असूनही इंजिन सावकाश चालताना हादरत असेल, तर पंपवाल्याकडून इंजेक्टर तपासून घ्यावेत.

बदलण्याची पद्धत

१. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगडाची उटी लावावी. इंजिन थंड होऊ द्यावे व बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच ऑइल सोडावे.

२. ऑइल सम्पखाली रुंद लाकडी फळी ठेवून मगच जॅक लावावा; फळीशिवाय सम्प चेपतो. माउंटिंगवरचा भार सुटेल एवढेच इंजिन उचलावे. उचलताना फॅन, पाण्याचे पाइप आणि डिझेलच्या नळ्या यांवर लक्ष ठेवावे. केवळ जॅकच्या भरवशावर इंजिनखाली हात घालू नये. लाकडी ठोकळ्यांचा आधार द्यावा.

३. एका वेळी एकच माउंटिंग काढावे, परंतु पुढची दोन्ही जोडीने बदलावीत. एक नवे व एक जुने राहिल्यास दोन्हींवर पीळ सारखा पडत नाही. मागचे रबरही त्याच वेळी पाहून घ्यावे.

४. सर्व बोल्ट आधी हातानेच बसवावेत. इंजिन खाली टेकवून त्याचे वजन रबरावर आल्यावरच ते पूर्ण आवळावेत. स्प्रिंग वॉशर नवे घालावेत.

५. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी विसरू नये. रबरातून वीज जात नाही. पट्टी नसेल तर स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटरच्या किंवा दुसऱ्या एखाद्या केबलमधून वाट काढतो व ती केबल तापते.

शेवटी फॅन आणि रेडिएटर यांतील अंतर, क्लचचा फ्री प्ले व सायलेन्सरचा जोड तपासावा. काही दिवस गाडी चालवल्यावर बोल्ट पुन्हा आवळून पाहावेत.

जुगाड टाळा

टायरचे तुकडे कापून माउंटिंगच्या जागी घालण्याची पद्धत दिसते. त्या तुकड्याला पट्टीची पकड नसते, त्यामुळे तो इंजिनला वर उचलण्यापासून रोखू शकत नाही. ऑइलची गळती बंद न करता नवे रबर घातले, तर तेही लवकरच मऊ पडते.

बंधूंनो, कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाटातून माल भरलेली गाडी जात असताना तुटलेले माउंटिंग इंजिनला पुढे झुकू देते. फॅन रेडिएटरवर आदळला, की पाणी जाते, इंजिन तापते आणि हेडचे काम निघते. गाडीत माणसे असतात, माल नाशवंत असतो आणि घाटात गॅरेज नसते. तेव्हा हंगाम सुरू होण्यापूर्वी, गाडी अंगणात उभी असतानाच, दोघांनी मिळून ही तपासणी जरूर करावी, ही विनंती.